आक्षेप असल्यास...

"काहून गं बेटा, एवढे केस काहून कापले?"

सरकारी ऑफिसातल्या टेबलापलीकडून आलेला हा पहिला प्रश्न. माझ्या हातात फॉर्म, फोटो, आधार कार्ड. शेजारी होणारा नवरा. आणि मॅडमना काळजी माझ्या बॉयकटची! दुसरा प्रश्न अर्थातच, "घरी माहीत आहे ना?" वय वर्षं अठ्ठावीस, स्वतःच्या पैशाने जगणारी मी. पण बाहेर बाकावर बाबाच बसले होते, म्हणून हसून वेळ मारून नेली.

झालं असं, की आम्हाला हॉल, बँड, पाचशे पानांचं जेवण यातलं काहीच नको होतं. रजिस्टर्ड लग्न करायचं ठरलं. दोघांपैकी एकाने नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. फ्रीलान्सिंगचा फायदा घेत लॅपटॉप उचलला आणि मुंबईहून वर्ध्याला घरी मुक्काम ठोकला. नोटीस दिली. खरी गंमत तर पुढेच होती. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार ती नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सगळं! कुणाचा आक्षेप असल्यास ३० दिवसांत कळवावा.

तिसऱ्याच दिवशी आत्याचा फोन. तिला कुणीतरी सांगितलं होतं, त्याला आणखी कुणीतरी. आता कायद्याने आक्षेप मोजक्याच मुद्द्यांवर घेता येतो. आधीचं लग्न, वय, जवळचं नातं वगैरे. पण बोर्ड वाचणाऱ्याला तेवढ्यावर थांबायला कोण सांगणार? आणि हेच लग्न आम्ही हॉल घेऊन, भटजी बोलावून केलं असतं, तर कुणी कुठे कागद चिकटवला नसता!

माझं ठीक आहे हो. आईबाबा सोबत होते. फार तर चारचौघांत चर्चा. पण ज्या मुलीचे घरचे तिला शोधत फिरताहेत, तिचा पत्ता असा भिंतीवर लावणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे चौकशा काय कमी असतात? आमच्या गल्लीतल्या काकूही विचारतात, पगार किती, केस का कापले, गुड न्यूज कधी. पण काकूंना टाळता येतं. त्यांच्याकडे रबरी शिक्का नसतो. सरकार काकूंसारखं वागायला लागलं, की पळायला जागा उरत नाही.

आणि वागतं की! डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या कपड्यांवर परिपत्रक काढलं. जीन्स नको, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी वापरा. पुढच्या वर्षी जीन्सची सुटका झाली. टी-शर्ट मात्र बाहेरच. म्हणजे माझे केस तपासणाऱ्या मॅडमनी काय घालावं, तेही कुणीतरी तपासत होतंच. डिसेंबर २०२२मध्ये तर आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नं केलेल्यांची माहिती घ्यायला समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' वगळलं, 'आंतरधर्मीय' राहिलं. कारण काय? मुलींची काळजी! आपल्याकडे सगळी ढवळाढवळ काळजीच्याच नावाने होते.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, कित्येक दशकांपासून. तिच्यावर वाद घालता येईल, पण निदान दारूने दुसऱ्याचं घर मोडतं, हे मला पटतं. माझ्या बॉयकटने कुणाचं काय मोडतं?

वर्ध्यात वाढलं की गांधीजी शाळेच्या सहलीतच भेटतात. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. या माणसाने १९२१मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, तो स्वतः ठरवून. १९३१मध्ये चर्चिलने त्यावरून नाक मुरडलं, तरी बदलला नाही. पण त्याच गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर काय केलं, ते सहलीत कुणी सांगत नाही. मुलांनी दोन मुलींची छेड काढली, तर त्यांनी कात्री घेतली आणि केस कापले ते मुलींचे! हे त्यांनीच लिहून ठेवलंय. वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. एवढा मोठा माणूस, एवढ्या चांगल्या हेतूने, आणि कात्री शेवटी मुलींच्याच केसांवर. मग खुर्चीतल्या साहेबाच्या हातात ती सोपवायची?

सुप्रीम कोर्टाने २०१७मध्येच सांगून टाकलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताने. भिंतीवरच्या त्या बोर्डापर्यंत मात्र ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

असो. तीस दिवस संपले, कुणाचाही आक्षेप आला नाही. आम्ही सह्या केल्या, साक्षीदारांनी केल्या, बाबांनी पेढे वाटले. मॅडमनीही घेतला. जाता जाता हळूच म्हणाल्या, "केस छान दिसून राह्यले हो." मी मनापासून हसले. बाई वाईट नव्हत्याच.

पण सरकारने एवढ्या प्रेमाने विचारलंच आहे, तर कळवून टाकते. आक्षेप आहे. माझा.