म्हैसमाळ : आमच्या शेजारचा थंड डोंगर

मराठवाड्यांतल्या माणसासमोर थंड हवेच्या ठिकाणाचा विषय निघाला कीं त्यास महाबळेश्वर, माथेरान हीं दूरचीं नांवें आठवतात. आपल्याच शेजारीं, खुलताबादेच्या डोक्यावर, तशा जातीचें एक लहानसें ठिकाण आहे याची आठवण त्यास करून द्यावी लागते. आम्ही कन्नडचे रहिवासी. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून हाताशीं वेळ भरपूर असल्यामुळें वर्षांतून दोन-तीनदां तरी आमचें म्हैसमाळास जाणें होतें. अलीकडे या डोंगराविषयीं जें बोलणें घरोघर कानीं येतें, त्यावरून चार शब्द वाचकांपुढें ठेवावेसे वाटले.

कन्नडाहून निघून वेरूळचीं लेणीं डावीकडे ठेवावीं, घाटानें वर चढून खुलताबादेस भद्रा मारुतीचें दर्शन घ्यावें, आणि तेथून सुमारें बारा किलोमीटर डोंगराची वाट चालावी, कीं आपण माळावर येतों. नांवांतला ‘माळ’ हा शब्द अगदीं यथार्थ आहे. सह्याद्रीच्या सुळक्यांची किंवा खोल दऱ्यांची अपेक्षा धरून जो जाईल तो निराश होईल. येथें डोंगराचा माथा सपाट, गवताळ आणि मोकळा. उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास. गिरिजादेवीचें देऊळ, बालाजीचें मंदिर आणि दूरदर्शनचा उंच मनोरा एवढ्या तीन खुणा दुरून दिसतात. परंतु श्रावणांत तेथें उभें राहिल्यावर या तिन्ही नाहींशा होतात. ढग जमिनीवरून चालत येतो, पायांखालचें गवत भिजतें, दहा हातांवरचा सोबती दिसेनासा होतो, आणि मग एकाएकीं पडदा फाटल्याप्रमाणें खालचीं शेतें उन्हांत चमकूं लागतात. आमच्यासारख्या, ज्यांनीं जन्मभर वैशाखांतलें मराठवाड्याचें ऊन सोसलें, त्यांस या ओल्या वाऱ्याची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

पूर्वीं येथें चैत्रांत देवीच्या यात्रेस येणारे भाविक, सहलीस आणलेलीं शाळेचीं मुलें आणि एखाददुसरा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक एवढेच लोक दिसत. आतां पावसाळ्यांतल्या रविवारीं मोटारींची रांग लागते. भाजलेलें कणीस आणि चहा विकणाऱ्या पायथ्याच्या मुलांस चार पैसे मिळतात, हें आम्ही आनंदानें नमूद करतों. ज्या भागांत तरुण माणूस पोटासाठीं वाळूजच्या कारखान्यांकडे नाहीं तर पुण्याकडे जातो, तेथें घरच्या डोंगरानें मिळवून दिलेला रुपया कमी मोलाचा नव्हे. परंतु मोटारींच्या मागोमाग पाट्या आल्या आहेत. ‘डोंगराच्या कुशींत आपलें हक्काचें घर’, ‘आज घ्या, पांच वर्षांत दुप्पट’, अशा पाट्या वाटेच्या दोन्ही अंगांस उभ्या आहेत; आणि आमच्याच घरांतला, पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या तेथें एक भूखंड घेण्याविषयीं दादांच्या मागें लागला आहे. प्रश्न असा घरांत येऊन बसल्यावर त्याचा अभ्यास करणें प्राप्तच होतें.

डोंगरावर घर बांधण्याची ही हौस मुळांत आपली नव्हे. आपले पूर्वज डोंगरावर किल्ला बांधीत, देऊळ बांधीत, लेणें कोरीत. उन्हाळा घालविण्यासाठीं घर बांधण्याची रीत इंग्रजांनीं आणली. मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानें १८२८ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींकडून महाबळेश्वरचा माथा मोबदल्यांत गांव देऊन घेतला, आणि तेथील पेठेस माल्कमपेठ हें नांव पडलें. माथेरान ठाण्याचा कलेक्टर मॅलेट यानें १८५० त शोधून काढलें. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ त सुरू झाली. माथेरानाचें एक सांगण्यासारखें आहे. पर्यटकांच्या मोटारी तेथें आजहि दस्तुरीच्या नाक्याशींच थांबतात, आणि या अडचणीमुळेंच तेथील झाडी व तांबड्या वाटा वांचल्या असें आम्हांस वाटतें. २००१ त महाबळेश्वर-पांचगणी आणि २००३ त माथेरान हे प्रदेश सरकारनें पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले, तेव्हां कोठें बांधकामास थोडा लगाम बसला.

नव्या काळांतलें उदाहरण लवासाचें. महाराष्ट्र सरकारनें १९९६ सालीं थंड हवेच्या ठिकाणीं पर्यटननगरें वसविण्याचे खास नियम केले. त्या आधारें पुणें जिल्ह्यांत, मोसे नदीवरील वरसगांव धरणाच्या कांठीं, एका मोठ्या कंपनीनें इटलीतल्या पोर्टोफिनो या बंदराच्या धर्तीवर दासवे येथें नगर उभारण्यास घेतलें. रंगीत घरें, पाण्याकांठची फरसबंदी, सारें चित्रासारखें. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविलें. वर्षानें अटींवर परवानगी मिळाली. परंतु मध्यंतरीं कर्जाचा डोंगर खऱ्या डोंगरापेक्षां उंच झाला, आणि २०१८ त तें प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखालीं न्यायाधिकरणापुढें गेलें. २०२४ च्या जुलैंत अतिवृष्टीनें दरड कोसळून तेथील बंगले गाडले गेले. ज्यांनीं निवृत्तीची पुंजी तेथें घातली त्यांची गत काय झाली असेल, हें वाचकांनींच मनांत आणावें.

बर्फाळ डोंगरांची गोष्टहि वेगळी नाहीं. गुलमर्ग येथें बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळावयास जगभरचे लोक येतात. त्यांस वर नेणाऱ्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ त, दुसरा २००५ त सुरू झाला. परंतु २०२४ च्या जानेवारींत तेथें बर्फच पडेना, आणि पाहुणे तपकिरी उतार पाहून परतले. मनालीजवळ एका परदेशी धनिकाच्या भांडवलावर असेंच घसरगुंडीचें मोठें नगर वसावयाचें होतें. २००६ त कुलू खोऱ्यांतल्या देवदेवतांची ‘जगती’ नग्गर येथें भरली, आणि देवांनीं आपापल्या गूरांच्या मुखानें त्यास विरोध सांगितला. देवांचें बोलणें कोणीं कसें घ्यावें हा ज्याचा त्याचा प्रश्न; त्या सभेंत बोलत होती ती पाण्याची, कुरणांची आणि जंगलाची काळजी, हें मात्र उघड आहे. तें नगर उभें राहिलें नाहीं. आणि ज्या स्वित्झर्लंडचा दाखला प्रत्येक जाहिरातींत देतात, तेथील लोकांनीं २०१२ त सार्वमत घेऊन असें ठरविलें कीं कोणत्याहि गांवांत सुटीपुरतीं वापरावयाचीं घरें शेकडा २० हून अधिक असूं नयेत. वर्षांतून दहा महिने कुलूप असलेल्या घरांनीं गांव मरतें, हें त्यांस पाहून कळलें होतें.

आतां आमच्या डोंगराकडे वळूं. अजिंठ्याची ही रांग तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधली पाणलोटाची वरंबी आहे. खडक काळा, मातीचा थर पातळ. पावसाळ्यांत पडलेलें पाणी दोन्ही अंगांस धांवत सुटतें, माथ्यावर टिकत नाहीं. शिवाय महाबळेश्वरच्या पावसाचा सातवा-आठवा हिस्साच आमच्या वांट्यास येतो. श्रावणांत ढगांत बुडालेला हा माळ फाल्गुनांत पाहावा, म्हणजे त्याचें दुसरें रूप दिसतें: गवत पिवळें, वाट धुरळ्याची, आणि पायथ्याच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहणारीं हंडा-कळशींचीं रांग. घर विकणारे माणसास आषाढ-श्रावणांतच वर नेतात, यांत नवल नाहीं.

उतारांचें म्हणाल, तर आम्हां कन्नडकरांस दरड म्हणजे काय हें शिकविण्याची गरज नाहीं. चाळीसगांवाकडे उतरणारा आमचा औट्रम घाट, ज्याच्या भोंवतालचें गौताळ्याचें रान १९८६ त अभयारण्य झालें, तो २०२१ च्या ३१ ऑगस्टला एका रात्रींच्या पावसांत दरडींखालीं गेला. वाहनें अडकलीं, खालीं चाळीसगांवांत पूर आला, आणि पुढें कित्येक दिवस सोलापूर-धुळें मार्ग बंद राहिला. शेंकडों वर्षें स्थिर दिसणारा डोंगर पायथा खणला कीं स्थिर राहत नाहीं.

पुतण्या गेल्या दिवाळींत विक्रेत्याचें रंगीत पुस्तक घेऊन आला होता. “काका, आपण आज घेतलें नाहीं तर उद्यां हातीं लागणार नाहीं,” असें तो म्हणाला. दादांनीं सातबारा विचारला. शेतजमीन असेल तर ती अकृषिक झाल्याचा आदेश आहे काय, कुळाचा हक्क कोठें अडकला आहे काय (मराठवाड्यांत १९५० चा हैदराबादचा कुळकायदा लागू आहे, हें पुण्याच्या लोकांस ठाऊक नसतें), फेरफार कोणाच्या नांवें, आणि २०१७ पासून महाराष्ट्रांत स्थावर संपदेची जी नोंदणी सक्तीची आहे तिचा क्रमांक कोठें, असे प्रश्न आम्हीं घातले. पुस्तकांत डोंगराचीं चित्रें पुष्कळ होतीं, क्रमांक नव्हता. इतका वेळ दाराशीं भाजी निवडीत बसलेल्या वहिनींनीं मग एवढेंच विचारलें, “चैत्रांत आपण तेथें गेलों, तर अंघोळीस पाणी कोण देणार?” यावर कोणी बोललें नाहीं.

शेवटीं असें ठरलें कीं येत्या भाद्रपदांत सर्व कुटुंबानें दोन रात्री म्हैसमाळावर भाड्याच्या खोल्यांत राहावें, मुलांना ढग दाखवावे. आणि मग होळीनंतर दादा, पुतण्या व आम्ही अशा तिघांनींच पुन्हा जाऊन तोच भूखंड, तीच विहीर, तीच वाट पाहावी. ज्या शेतकऱ्याचें तें शेत आहे त्याच्याशींहि बोलावें. कारण जमीन एकदां विकल्यावर त्याचा मुलगा कणीस विकणार तें कोणाच्या शेतांतलें, हें आम्हांस त्याच्याच तोंडून ऐकावयाचें आहे. पुतण्यानें कागद आणावयाचें कबूल केलें आहे. ते अद्याप आलेले नाहींत.