मुकी पेटी

घरी जोडलेला संगणक सुरू झाला नाही की घरच्यांचा पहिला संशय सर्वांत महाग भागावर जातो. मदरबोर्ड गेला, प्रोसेसर जळला, अशी मृत्युवार्ता तपासणीआधीच पसरते. आम्हांस हा घाईचा निवाडा मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन मुलाने आपला संगणक मामाने दिलेल्या जुन्या कॅबिनेटमध्ये हलविला. त्यानंतर बटण दाबले की पंखे एकदा थरथरत आणि सर्व स्तब्ध होई. एका दुकानदाराने वरवर पाहून नवा मदरबोर्ड घेण्यास सांगितले. मुलाची आई शिवणकामावर घर चालविते. तिने कानातले मोडण्याची भाषा सुरू केली. सेमिनरीत असताना बंद पडलेले ट्रान्झिस्टर उघडून बसण्याची आमची खोड तिला ठाऊक होती, म्हणून ती म्हणाली, "फादर, एकदा बघाल का?"

आम्ही भिंतीपासून आरंभ केला. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लागला. केबल बदलून पाहिली. मग मदरबोर्डवरील ज्या दोन पिनांना बटणाच्या तारा येतात, त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पुन्हा तीच थरथर! म्हणजे बटण निर्दोष. चोवीस पिनांचा मोठा प्लग घट्ट होता; प्रोसेसरजवळचा छोटा प्लग, जो पुष्कळांच्या हातून विसरतो, तोही बसलेला होता.

मग पॉवर सप्लायची पाळी. वीज बंद करून त्याचे सर्व प्लग काढले, केवळ एक पंखा जोडून ठेवला. मोठ्या प्लगातील हिरवी तार व शेजारची काळी तार कागदाच्या क्लिपने जोडून वीज सुरू केली. पंखा फिरला. मीटरवर बारा व्होल्टची तारही ठीक निघाली, तेथे ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात. (सप्लायची पेटी मात्र कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार राहू शकतो.)

खरी साक्ष त्या थरथरीतच होती. पूर्ण निश्चल संगणक आणि क्षणभर हलून थांबणारा संगणक यांची दुखणी सहसा निराळी असतात. कोठे शॉर्टसर्किट आढळले तर चांगला सप्लाय स्वतःहून वीज तोडतो. तेव्हा आम्ही बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला. प्रोसेसर, त्याचा पंखा व रॅमची एकच पट्टी एवढेच त्यावर राहू दिले. पिना जोडताच पंखा फिरला आणि फिरतच राहिला. मुलगा काही बोलला नाही, नुसता खाली बसला.

दोष आता कॅबिनेटमध्येच शोधावयाचा होता. बोर्ड पत्र्यास टेकू नये म्हणून खाली लहान पितळी टेकू असतात. बोर्डाच्या भोकांप्रमाणे त्यांच्या जागा बदलाव्या लागतात. मामाच्या जुन्या बोर्डाचा एक टेकू तसाच राहिला होता, आणि त्याचे टोक नव्या बोर्डाच्या पाठीवरील डागांना भिडत होते. तो काढला, बोर्ड बसविला, संगणक सुरू झाला.

पडद्यावरील तारीख मात्र कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा गोल सेल संपला होता. तो दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः आणून बसविला.