आठशेला नॉस

हायवेच्या पंपांवर टायरमध्ये नायट्रोजन भरून मिळायला लागला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात एक घोळ बसला आहे. नायट्रोजन, नायट्रो, नायट्रस, नॉस, सगळं एकच. कुठंतरी भरलं की गाडी पळते. भाषेचा शिक्षक म्हणून आधी शब्द सोडवतो. टायरमधला नायट्रोजन म्हणजे आपल्या हवेतलाच, जळायला कुठलीही मदत न करणारा वायू. नायट्रस ऑक्साइड वेगळा. दातांच्या दवाखान्यात हुंगवतात तो, लाफिंग गॅस. आणि ‘नॉस’ हे तर 1978 साली कॅलिफोर्नियात निघालेल्या एका कंपनीचं नाव. डालडा कंपनीचा होता आणि पुढं सगळंच वनस्पती तूप डालडा झालं, तसंच हे. 2001 साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ आला आणि तो शब्द गावोगावच्या गॅरेजात पोचला.

तो माझ्या घरात पोचला भाच्यामुळं. पोरगा दहावीनंतर गॅरेजला लागला, हात चांगला आहे. आमच्या समाजातल्या कितीतरी पोरांची खरी शाळा गॅरेजच असते, आणि उस्तादच्या हाताखाली ती जे शिकतात ते मी चाळीस मिनिटांच्या तासात शिकवू शकत नाही हे मला ठाऊक आहे. घरी जुनी मारुती 800 आहे. घरातली एकुलती चारचाकी. माझ्या बहिणीला तपासणीला शिरूरला न्यायचं तर तीच. पगारातून साठवलेले पैसे आणि मोबाइलवरून छापून आणलेली इंग्रजी माहितीपत्रकं घेऊन तो आला. म्हणाला, “मामू, इंजिन खराब नई होना, खाली पिकअप होना. ये सेफ कैसे बिठाते, पढके बताओ.”

मी बीएड, उर्दू आणि मराठीचा माणूस. पण भाषांतर करायचं तर आधी समजावं लागतं. आठवडाभर रोज रात्री वाचत बसलो.

नायट्रस हे इंधन नाही, हे पहिलं. ते एकटं जळत नाही. इंजिनला जी हवा लागते तिच्यात वजनानं साधारण 23 टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रसमध्ये 36 टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेनं तो तुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि तेवढ्यात जास्त पेट्रोल जाळता येतं. शिवाय बाटलीतून द्रवरूपात सुटताना तो उणे 88 अंशांपर्यंत गार होतो, आत जाणारी हवा थंड आणि दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि ब्रिटिश विमानं उंचावरच्या विरळ हवेत दम टिकवायला हाच वायू वापरत. म्हणजे ही इंजिनाला दिलेली उसनी हवा.

आणि धोका त्या हवेत नाही, तिच्यासोबत न आलेल्या पेट्रोलमध्ये आहे. भाच्याला वाटत होतं बाटली फुटते, स्फोट होतो, सिनेमात दिसतं तसं. प्रत्यक्षात बहुतेक इंजिनं मरतात ती पेट्रोल कमी पडल्यानं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. नायट्रस असेल तर साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. म्हणजे नायट्रस जितका सोडाल त्याच्या हिशेबानं पेट्रोल जास्त सोडावंच लागतं. ते कमी पडलं की आतली उष्णता झपाट्यानं वाढते, नॉकिंग सुरू होतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळतो. म्हणून नवख्यानं ‘वेट’ पद्धतीचं किट बघावं, ज्यात वायू आणि जादा पेट्रोल एकाच नोझलमधून येतात. त्यात पुन्हा आपली गंमत. त्या किटबरोबरचे जेटचे तक्ते निव्वळ पेट्रोल धरून केलेले असतात. आपल्या पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, आणि इथेनॉल असलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. अमेरिकेतला तक्ता जसाच्या तसा लावला तर मिश्रण आधीच थोडं कोरडं. न्हावऱ्याच्या रस्त्यावरून ज्या उसाच्या ट्रॉल्या जातात, त्या उसाचा आणि या हिशेबाचा असा संबंध.

इथं मला गॅरेजच्या विद्येबद्दल एक गोष्ट पहिल्यांदा कळली. आमचे उस्ताद लोक कानानं इंजिन ओळखतात. टॅपेट वाजतंय, बेअरिंग गेलंय, प्लग मिस करतोय, बोनेट न उघडता सांगतील. साध्या इंजिनला हा कान पुरतो, कारण ते बिघडायला महिने घेतं आणि आधी कुरकुर करतं. नायट्रसवर नॉकिंग कानाला कळेपर्यंत पिस्टनचं काम आटोपलेलं असू शकतं. इथं आधी कागदावर हिशेब आणि मग स्पॅनर, असाच क्रम लागतो. पण तो कागद ना मराठीत मिळाला ना उर्दूत. भाच्यासाठी चार पानं मीच मराठीत लिहिली.

त्यात हे होतं. ठिणगी नेहमीपेक्षा थोडी उशिरा पडली पाहिजे, कारण नायट्रसमुळं जळणं वेगानं होतं. प्लग एक नंबर थंड घ्यावा. वायू सुटावा तो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या वर असतानाच, आणि लिमिटर लागायच्या आधी बंद व्हावा. हे चालकाच्या अंगठ्यावर सोडायचं नाही, त्यासाठी स्विच असतात. पेट्रोलचा दाब पडला तर वायू आपोआप तोडणारा स्विच निराळा. माझ्या मते सगळ्या किटमध्ये हाच भाग सगळ्यात मोलाचा, आणि पैसे वाचवायला पोरं नेमका तोच गाळतात.

मग माप. 800 चं इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण 37 अश्वशक्ती. कारच्या नेहमीच्या किटमध्ये सगळ्यात लहान जेट 25 ते 35 अश्वशक्तीचा. म्हणजे मोठ्या गाडीला चटणीएवढा असलेला डोस आमच्या आठशेला अख्खं जेवण. जुन्या, न उघडलेल्या इंजिनला मूळ ताकदीच्या तिसऱ्या हिश्शापुढं जाऊच नये असं मला सगळं वाचून वाटलं, म्हणजे दहा-बारा. त्यासाठी मोटरसायकलचे बारीक जेट शोधावे लागतील.

बाटलीचं प्रकरण तर आपल्या हवेत वेगळंच होतं. टायरमध्ये 30 पीएसआय हवा असते, या बाटलीत 900 ते 1000. थंड देशातले लोक दाब टिकवायला बाटलीला हीटर लावतात. आपल्याकडं उलट. हा वायू 36.4 अंशांच्या वर द्रव राहूच शकत नाही, दाब 1050 पीएसआयच्या पुढं चढत जातो, आणि शिरूर-दौंडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या किती वर जाते हे सांगायला नको. बाटलीची सेफ्टी डिस्क फुटली तर वायू गाडीत न कोंडता बाहेर जाईल अशी नळी हवी, नाहीतर श्वासात ऑक्सिजनच उरणार नाही. शिवाय फिटिंगला ग्रीस किंवा ऑइल अजिबात लागता कामा नये, कारण दाबाखालच्या अशा वायूसमोर तेल पेट घेऊ शकतं. गॅरेजमध्ये ग्रीस न लागलेला हात शोधून दाखवा! आणि दवाखान्याची निळी बाटली कुठून मिळवून लावायचा विचार कोणी करत असेल तर सोडून द्यावा. गॅस सिलिंडरचे नियम केंद्राचे आहेत आणि ते बघणारं खातं नागपुरात बसतं.

कायदा मी त्याला शेवटी सांगितला, कारण आधी सांगितला असता तर बाकीचं ऐकलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला एकेका बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा प्रश्न वेगळाच. हौस असेल तर लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरतात. तिथं रस्ता सरळ असतो, समोरून कोणी येत नाही. आमच्या रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर चाललेला असतो. स्विच सगळे बसवले तरी ते इंजिन वाचवतात. ट्रॉलीसाठी स्विच नाही.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, रांजणगावला फियाटच्या कारखान्यात इंजिनं बनतात, तिथं पण असं सगळं कागदावर मांडूनच करत असतील का? मी म्हटलं, करत असणार. आयटीआयला अर्ज करायचा विषय मी त्याच बसणीत काढला. त्यावर अजून हो नाही की ना नाही.

चार पानांत पहिली ओळ मी अशी लिहिली होती की कशालाही हात लावण्याआधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. त्यानं उस्तादचा गेज आणून मोजलं. दोन सारखे, तिसरा बराच खाली. किटसाठी साठवलेल्या पैशातून रिंगा आणि हेड गॅस्केट आलं. आठशे सध्या गॅरेजमध्ये उघडी आहे, आणि बहिणीला या महिन्यात एसटीनं जावं लागलं.