पोलादाचे पाणी

गाडी जमिनीला टेकल्यासारखी धावली की तिची ऐट वाढते, असे आमच्या वयाच्या मुलांना वाटते. मी जळगावला शिकतो. घर धुळ्याचे. तिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात, आणि रस्त्याकडेच्या दुकानात माझे वडील ट्रकचे पाटे बदलतात. त्यांच्याकडे मुले कार घेऊन येतात. "काका, स्प्रिंगचे दोन वेढे कापून द्या," म्हणतात. वडील एवढेच सांगतात, "भाऊ, स्प्रिंग कापानी नही."

वडील चौथी शिकलेले. पण कारण त्यांना ठाऊक आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते. खड्ड्यात चाक लोंबले की ती बैठकीतून सुटू शकते. गॅसने तापवून दाबली, तर पोलादाचे पाणीच उतरते. गाडी खाली घ्यायचीच, तर त्याच गाडीसाठी घडवलेली आखूड स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअब्सॉर्बर हवा. मग चाकांची अलाइनमेंट करायची, दिव्यांचा रोख साधायचा. माणसे बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर घासतो का, तेही पाहायचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नोंदणीतला मूळ तपशील बदलणारा फेरफार करू देत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारलेले बरे. ते कलम मी वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा ते नुसते हसले.

गिऱ्हाईक परत गेले की चार पैसे बुडतात. माझी फी त्याच पैशांतून भरली जाते. तरी घरात त्याबद्दल कुरकुर कधी ऐकली नाही. आमच्या घरात पदवी अजून यायची आहे; विद्या मात्र आधीपासूनच आहे.