छपरावरची मुलं

सत्तरच्या दशकात फिल्म सोसायटीत लिंडसे अँडरसनचा ‘इफ’ पाहिला, तेव्हा त्याच्या शेवटाला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. लोखंडी घडीच्या खुर्च्या, रीळ बदलताना लागणारे दिवे, सायक्लोस्टाइल केलेलं माहितीपत्रक. आणि पडद्यावर इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग शाळेच्या छपरावरून माल्कम मॅकडॉवेल आणि त्याचे सोबती खाली जमलेल्या पालकांवर, पाद्र्यांवर, पाहुण्यांवर गोळ्या झाडताहेत. त्यात काही भयंकर आहे असं कुणालाच वाटलं नाही.

त्याला कारण होतं. तोवर आम्ही व्यायामशाळेतला प्रसंग पाहिलेला होता. वरच्या वर्गातला एक मुलगा, अधिकार मिळालेला, लांबून धावत येऊन वेत मारतो. त्या पावलांचा आवाज फटक्याहून वाईट. आमच्यातल्या बहुतेकांनी तळहातावर छड्या खाल्लेल्या होत्या. हिंसा शाळेने सुरू केली, मुलांनी ती परत केली, इतका सरळ हिशेब होता. बंदूक आम्हाला बंडाची खूण वाटायची, खरी बंदूक नव्हे. अँडरसनने छपरावरच्या बंडाची कल्पना झाँ व्हिगोच्या 1933च्या सिनेमावरून घेतली होती. तिथे छपरावरची मुलं जुने बूट वगैरे फेकतात, आणि तेवढ्यावरही फ्रान्समध्ये बंदी आली. ‘इफ’ला मात्र 1969 साली कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

पुढे 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी खरोखरच बंदुका चालवल्या. ‘इफ’ मला आजही थोर वाटतो, पण त्या शेवटाला आता हात टाळीसाठी उचलत नाहीत.

2003 साली कानने पुन्हा शाळेतल्या गोळीबाराच्याच विषयाला तोच मान दिला: गस व्हॅन सांटचा ‘एलिफंट’. हा मी घरी, एकट्याने पाहिला. फिल्म सोसायटीतल्यासारखा नंतर चहा नाही, वाद नाही, आणि याच सिनेमाला वादाची गरज होती. इथे वेत नाही, जुलमी मास्तर नाही. कॅमेरा मुलांच्या पाठीमागून लांबलचक कॉरिडॉरमधून चालत राहतो. एकच क्षण तीन वेळा, तीन मुलांच्या बाजूने दिसतो. वर्गात, पुढे बंदूक उचलणाऱ्या ॲलेक्सच्या अंगावर काहीतरी फेकलं जातं. घरी तो पियानोवर बेथोव्हन वाजवतो, मित्र व्हिडिओ गेम खेळतो. यातलं कुठलंच कारण दिग्दर्शक आपल्या हातात देत नाही, म्हणून अनेक समीक्षक चिडले.

मला ते चिडणं पटत नाही; मुलांचं मन उलगडलं नाही, तरी बंदूक कुठून आली ते हा सिनेमा दाखवतो. ‘इफ’मध्ये मुलांना शस्त्रं शाळेच्याच तळघरात सापडतात. ‘एलिफंट’मध्ये बंदूक पार्सलने घरी येते. पार्सल मुलंच घेतात, खोकं फाडतात आणि गॅरेजमध्ये लाकडांच्या ढिगावर ती चालवून बघतात. मुलाच्या मनात काय चाललं होतं यावर माणसं कितीही वाद घालोत, पण ते खोकं त्या दारापर्यंत मोठ्या माणसांनीच पोचवलं होतं.