मागच्या दारापासून

सैनिक वाहून नेणारं चिलखती वाहन समोर उभं असलं, की पाहणारा बहुधा ते पुढून पाहतो. उतरती प्लेट, वरची मशीनगन, ट्रॅकची रुंदी. अशी वाहनं घडवण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली ते मात्र वळसा घालून मागे जातात. दार किती रुंद आहे, उंबरठा जमिनीपासून किती वर आहे, पाठीवर पिठू आणि हातात रायफल घेतलेला जवान न अडखळता बाहेर पडेल का, हे ते आधी बघतात. मग खाली वाकून तळ बघतात. तोफेची नळी सगळ्यात शेवटी. रणगाडा स्वतः लढायला जातो. सैनिकवाहकाचं काम वेगळं आहे. आत बसलेली दहाबारा माणसं गोळीबाराच्या टापूतून पलीकडे नेऊन धडधाकट उतरवायची. म्हणूनच त्याचा आराखडा दार, तळ आणि छत यांच्यापासून सुरू व्हायला हवा. शंभर वर्षांच्या इतिहासात तसं क्वचितच झालं आणि त्याची किंमत आत बसणाऱ्यांनीच चुकवली.

खास सैनिकांची ने-आण करण्यासाठी बांधलेलं पहिलं चिलखती वाहन ब्रिटनचं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचं: मार्क ९. सत्तावीस टनांचं हे धूड तीस सैनिकांना पोटात घेई. दोन्ही कुशींना लंबगोल दारं होती, म्हणजे उतरण्याचा विचार कुणीतरी केला होता. पण १५० अश्वशक्तीचं इंजिन आणि माणसं एकाच कोठडीत, मध्ये भिंत नाही. धुरानं आणि उष्णतेनं आतल्या माणसांना मळमळू लागे. असा बेजार झालेला सैनिक गोळीपासून वाचला तरी खाली उतरून लढणार कसा? १९१८मध्ये युद्ध थांबलं तेव्हा जेमतेम तीन वाहनं तयार झाली होती. पुढे एकूण ३४ बांधली गेली. त्यातलं एक आजही इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुढे चाकं, मागे ट्रॅक अशी अर्धपट्टा वाहनं आली. जर्मनीचं एसडी-केएफझेड २५१ आणि अमेरिकेचं एम-३ ही त्यातली प्रसिद्ध. दोघांनाही छत नव्हतं. बाजूनं येणारी गोळी अडे, डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्याचे तुकडे सरळ आत येत. छत टाळण्यामागे वजन वाचवण्याचा हिशेब होता आणि उडी मारून चटकन उतरण्याची सोयही. याच चुकीचा फटका सोव्हिएत सैन्याला १९५६मध्ये बुडापेस्टच्या रस्त्यांवर बसला. उघड्या बीटीआर-१५२ वाहनांमध्ये वरच्या मजल्यांवरून पेट्रोलबॉम्ब पडले. मोकळ्या रानासाठी आखलेलं वाहन गल्लीत शिरलं की त्याचा वरचा भाग हाच पुढचा भाग होतो.

कारागिरीच्या दृष्टीनं मनात भरणारी एक हकिकत १९४४च्या नॉर्मंडीतली आहे. पायदळाला रणगाड्यांच्या बरोबरीनं पुढे न्यायचं होतं, पण त्या ताकदीचं वाहन हाताशी नव्हतं. कॅनडाचे लेफ्टनंट जनरल गाय सायमंड्स यांनी प्रीस्ट या स्वयंचलित तोफांमधल्या तोफाच काढून टाकायला लावल्या. पुढे पडलेल्या भगदाडावर पोलादी पत्रे वेल्ड झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अशी ७६ वाहनं तयार झाली. ७-८ ऑगस्टच्या रात्री ‘टोटलाइझ’ मोहिमेत पायदळ त्यांत बसून जर्मन आघाडीच्या आत घुसलं. वर्कशॉपचं सांकेतिक नाव कांगारू होतं, तेच वाहनांना चिकटलं. छत याही वाहनांना नव्हतं. तरी पायदळाला रणगाड्याइतक्याच तोलाचं संरक्षण द्यावं, हा विचार इथे पहिल्यांदा धातूत उतरला. तो नंतर बरीच वर्षं विसरला गेला.

कारण युद्धानंतर अपेक्षा बदलल्या. वाहन हवाई मार्गानं नेता आलं पाहिजे, नदी पोहून पार करता आली पाहिजे, आणि हजारोंनी बांधायला परवडलं पाहिजे. अमेरिकेचं एम-७५ जड आणि महाग निघालं. त्याच्या जागी आलेलं एम-५९ स्वस्त होतं, पाण्यात तरंगत होतं, पण त्याची ट्रकमधली दोन इंजिनं त्याला पुरी पडत नव्हती. मग एफएमसी कंपनीनं कैसर अ‍ॅल्युमिनियमच्या साथीनं चिलखतच अ‍ॅल्युमिनियमचं करायचं ठरवलं. टी-११३ हा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना आणि टी-११७ हा पोलादाचा, अशी तुलना झाली. पहिला जिंकला आणि १९६०पासून एम-११३ म्हणून सैन्यात दाखल झाला.

या निवडीमागचं गणित सुंदर आहे. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे तेवढ्याच वजनात प्लेट तिप्पट जाड मिळते. गोळी अडवण्यात त्यामुळे फार मोठा फायदा होत नाही. फायदा होतो तो ताठपणात. प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अ‍ॅल्युमिनियम मुळात पोलादापेक्षा तिप्पट लवचीक असलं तरी तिप्पट जाडीची प्लेट वजन न वाढवता जवळपास नऊपट ताठ होते. मग आतल्या तुळया आणि फासळ्या बऱ्याचशा गाळता येतात. चिलखत हाच सांगाडा. साडेदहा टनांच्या आसपास वजन, दोन चालकदळाचे आणि अकरा सैनिक, टॉर्शन बारवर तोललेली चाकं, नुसते ट्रॅक फिरवून पाण्यात तरंगत जाणारं धड (हल), आणि मागे सबंध रुंदीचा हायड्रॉलिक रॅम्प. रॅम्प अडकलाच तर त्याच्यातच एक छोटं दार. उतरण्याची व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. ऐंशी हजारांहून अधिक वाहनं बांधली गेली.

दार उत्तम होतं. छत आणि तळ यांच्याकडे मात्र दुर्लक्ष झालं होतं.

२ जानेवारी १९६३. दक्षिण व्हिएतनाममधल्या अप बाक गावाजवळ एम-११३च्या तांड्यावर झाडीतून गोळीबार झाला. वरच्या मशीनगनमागे उभा राहणारा माणूस कमरेपासून वर उघडा होता. त्या एका लढाईत असे चौदा मशीनगनवाले मारले गेले. त्यानंतर दक्षिण व्हिएतनामी वर्कशॉपनी बंदुकीभोवती ढाली बसवायला सुरुवात केली. पहिल्या ढाली बुडालेल्या जहाजांच्या पत्र्यापासून कापलेल्या. तो पत्रा मऊ निघाला, तेव्हा भंगारातल्या चिलखती वाहनांच्या प्लेटा वापरल्या गेल्या. पुढे अमेरिकनांनी हीच कल्पना उचलून अधिकृत संच बनवला. युद्धक्षेत्रातल्या वेल्डरनं केलेली दुरुस्ती मूळ आराखड्यात शिरण्याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

तळाचं दुखणं इतक्या सहज सुटणारं नव्हतं. एम-११३चा तळ सपाट. रस्त्यात पेरलेला सुरुंग खाली फुटला की सगळा दाब त्या सपाट प्लेटवर आदळे. शिवाय पहिल्या वाहनांचं इंजिन पेट्रोलचं. १९६४पासून डिझेल आलं तेव्हा आगीचा धोका कमी झाला, सुरुंगाचा नाही. सैनिकांनी आत वाळूची पोती अंथरली आणि ते छतावर चढून बसले. चिलखती वाहनाच्या छतावर बसून प्रवास करणारे सैनिक हा त्या आराखड्यावरचा सगळ्यात रोखठोक अभिप्राय होता. पुढे अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिकही आपल्या बीएमपींच्या पाठीवरच बसले.

बीएमपीबद्दल इथे थांबून बोललं पाहिजे, कारण भारतीय पायदळाचा तिच्याशी फार जवळचा संबंध आहे. सोव्हिएत संघानं १९६०च्या दशकात सैनिकवाहक आणि लढाऊ वाहन एकत्र आणलं. बुटकं, तोफ असलेलं, पोहणारं, वेगवान. शत्रूला दिसू नये म्हणून उंची दोन मीटरांच्या आसपास ठेवली. ती उंची आतल्या जवानांच्या वाट्यातून कापली गेली. ते पाठीला पाठ लावून बाहेर तोंड करून बसत आणि त्यांच्या पाठींमध्ये इंधनाची टाकी. मागची दोन दारंही पोकळ, त्यांतही इंधन. बाहेर पडण्याच्या वाटेवरच डिझेल भरून ठेवायचं, हा निर्णय कागदावर जागा वाचवतो. आत बसून तो समजून घेणं अवघड आहे. चाकांच्या बीटीआर-६०मध्ये इंजिन मागे ठेवल्यामुळे जवानांना छतावरून आणि कुशीतल्या झरोक्यांतून उतरावं लागे. १९८०च्या दशकातल्या बीटीआर-८०मध्ये दोन चाकांच्या मध्ये नीट दार आलं, पण बाजूलाच. इंजिन कुठे बसवायचं हे ठरलं की दार कुठे येणार हे आपोआप ठरतं. म्हणून जाणते लोक आधी दार काढतात आणि इंजिनाला उरलेली जागा देतात.

बीएमपी-२ मेडकच्या आयुध निर्माणीत १९८७पासून ‘सारथ’ नावानं तयार होऊ लागली. तीन चालकदळाचे, सात जवान, ३० मिलिमीटरची तोफ, ३०० अश्वशक्तीचं इंजिन, वजन चौदा टनांच्या घरात. ती पंजाबातले कालवे पोहून पार करते. १९७९मध्ये उभ्या राहिलेल्या मेकनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचं केंद्र नगरला, आताच्या अहिल्यानगरला आहे. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळाही तिथेच. नगरच्या रस्त्यांवर या वाहनांचा खडखडाट अनेक पिढ्यांच्या ओळखीचा.

तळाचा प्रश्न नीट सोडवला तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकानं. ऱ्होडेशियातल्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या लढायांत धुळीच्या रस्त्यांवरचे सुरुंग हे मुख्य शस्त्र होतं. त्यातून होडीसारख्या निमुळत्या तळाची वाहनं जन्मली. कॅसपीर हे त्यातलं गाजलेलं. स्फोटाचा झोत उतरत्या कुशींवर आदळून बाजूला वळतो. चाक, अ‍ॅक्सल उडून जातात आणि ते उडावेत अशीच रचना असते. कोठडी शाबूत राहते. भारतानंही कॅसपीर घेतली आणि काश्मीरमध्ये वापरली.

पण हा उपायही फुकट मिळत नाही. तळ निमुळता केला की पायाखालची फळी वर जाते, वाहन उंच होतं, वळणावर कलंडतं. शिवाय सुरुंगाच्या स्फोटात जीव घेणारी गोष्ट बहुतेक वेळा ठिणगी किंवा तुकडा नसते. फळी काही मिलिसेकंदांत वर उसळते. तिच्यावर पाय टेकलेले असतील तर टाच आणि नडगी चिरडते. आसन फळीला जखडलेलं असेल तर धक्का कण्यात जातो. म्हणून आताच्या वाहनांत आसनं कुशीला किंवा छताला टांगलेली असतात, पाय ठेवायला वेगळा आधार असतो, दोन तळांमध्ये पोकळी असते, आणि आत एकही पेटी, एकही पाना मोकळा ठेवू देत नाहीत. चिलखताच्या जाडीइतकंच काम आता आसनाच्या आराखड्यात आहे, आणि त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

अशी तटबंदी नसली की काय होतं, ते आधी पाहा. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि चालक गेले. ते साध्या खासगी वाहनातून जात होते. पण तटबंदीलाही मर्यादा आहेत: त्याआधी मार्च २०१८मध्ये सुकमा जिल्ह्यात सीआरपीएफचे नऊ जवान सुरुंगविरोधी वाहनात असूनही मारले गेले. गावठी स्फोटकाला ठरलेलं वजन नसतं. वाहन ज्या वजनाच्या सुरुंगासाठी तपासलेलं असतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन पेरायला समोरच्याला फक्त एक रात्र लागते. अशा बातमीनंतर या कामातल्या माणसाला झोप येत नाही, आणि येऊही नये.

इस्रायलनं याला दुसरं टोक गाठून उत्तर दिलं. २००४मध्ये गाझात एम-११३ मधले सैनिक लागोपाठ मारले गेल्यावर मर्कावा रणगाड्याच्या हलवर नामेर बांधलं गेलं. साठ टनांच्या आसपासचं सैनिकवाहक! सायमंड्सची जुनी कल्पना, या वेळी छतासकट. ते पोहत नाही, आणि त्याला पेलणारे पूल शोधावे लागतात. इस्रायलच्या छोट्या भूगोलाला ते जमतं.

भारताला ते जमणार नाही. इथे एकाच वाहनाकडून कालवा पोहण्याची, राजस्थानातल्या उन्हात चालण्याची आणि लडाखमधल्या विरळ हवेत चढण्याची अपेक्षा असते. नगरची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई, आणि टाटा यांनी मिळून आठ चाकांचं व्हॅप हे चिलखती वाहन याच चौकटीत आखलं. ते २०१४च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये केस्ट्रेल नावानं पहिल्यांदा दिसलं. त्याच घराण्यातली पायदळाची संरक्षित वाहनं १२ एप्रिल २०२२ रोजी पुण्यात जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत सैन्यात दाखल झाली, आणि २०२५मध्ये मोरोक्कोत बेरेशिद इथे व्हॅपचा कारखाना सुरू झाला. वजन वीस टनांहून जास्त, तरी पाण्यात तरंगणारं. तरंगण्याचा हिशेब निष्ठुर असतो: जितके टन वजन, तितके घनमीटर पाणी बाजूला सारलंच पाहिजे, आणि लाटेसाठी वर थोडी शिल्लक हवी. चिलखताची एक जादा प्लेट ती शिल्लक खाते. मग सस्पेन्शन जड होतं, ब्रेक मोठे होतात, इंजिन अधिक इंधन मागतं आणि ते इंधनही वजनच असतं.

युक्रेनच्या युद्धानं या हिशेबात नवी बाब घातली आहे. साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याची एम-११३ तिथे अजून सैनिक वाहत आहेत, आणि त्यांच्यावर स्फोटकं घेऊन झेपावणारे स्वस्त ड्रोन वरून येतात. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी छतावर पिंजरे वेल्ड केले. पिंजऱ्यानं गुरुत्वमध्य वर जातो, हॅच पुरतं उघडत नाही, अँटेना अडते. पिंजरा, जॅमर आणि जॅमरला लागणारी वीज हे सगळं आराखड्यातच धरायचं, तर पोहण्यासाठी राखलेल्या शिलकीतून त्यांना किती किलो द्यायचे, हे आता नगर, पुणे आणि आवडी इथल्या आरेखकांना ठरवावं लागणार आहे. आणि कालव्यांची रुंदी तर बदलणार नाही.