बॉनेटखालचा गंज

गंज म्हणजे कोकणातल्या लोकांची डोकेदुखी, आम्हा अकोल्याच्या उन्हातल्या माणसांना काय त्याचं, असंच मी समजत होतो. ही गेल्यापासून मारुती ८०० अंगणातच उभी. अमरावतीला लेकीकडे एसटीनं जायचो. परवा बॉनेट उघडलं, तर बॅटरीखालचा पत्रा पापडासारखा सुटत होता!

"सर, हा पावसाचा नाही, ॲसिडचा गंज हाये," मेकॅनिक म्हणाला. बॅटरी काढून त्यानं खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फसफस थांबेस्तोवर. मग धुऊन, वाळवून तारेच्या ब्रशनं घासलं. रेडऑक्साइड, वर रंग. नव्या बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. निंबाच्या कुजक्या पाल्यानं बुजलेली पाणी जायची भोकं मात्र मीच मोकळी केली.

येत्या रविवारी गाडीनं निघावं म्हणतो. मूर्तिजापूरला चहा. लेक म्हणते, एकटे येऊ नका. बघू.